डाव्या गुडघ्याचं माप

चिखल्याच्या खाण कॉलनीत दोरीवर फुटबॉल स्ट्रायकर कुलदीपच्या पाच देशांतल्या क्लबांच्या जर्सी वाळत होत्या: नेपाळ, भूतान, मालदीव, ओमान, कंबोडिया. सहावा देश मंगोलिया. पण तिथल्या क्लबची अट होती, दुखावलेला डावा गुडघा उजव्यापेक्षा एक सेंटीमीटरहून जास्त भरता कामा नये. त्याची बायको रिता शिवणकामाची टेप घेऊन बसली. “हलू नका जी, नाही तं टाचणी टोचीन!” ब्लाउज मोकळा बसावा म्हणून ती नेहमी टेपखाली बोट ठेवायची, आजही ठेवलं. “गुडघ्याले ब्लाउज शिवून राहिली का? बोट काढ!” तिने काढलं. उजवा अडतीस. तेवढ्यात एजंटचा फोन आला. “परवा निघून राहिलो,” तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. डाव्याला तिचं बोट सवयीने पुन्हा टेपखाली गेलं. चाळीस. एवढं सांगितलं तर तो घरीच राहणार होता. जायच्या उत्साहात त्याची टाच जमिनीवर ठरत नव्हती. रिताने बोट काढलं. “साडेअडतीस.”