भामाबाईंचा फोन

भामाबाईंना जाऊन अकरा दिवस झाले होते आणि त्यांचा फोन बिझी लागत होता.

मेघानं पुन्हा लावून पाहिला. बिझीच. सासूबाईंचा तो साधा बटणांचा फोन तिसऱ्या दिवशीच कपाटातून गायब झाला होता. तेव्हापासून तिचा संशय नणंदेवर, सरितावर होता. काल दहावा आटोपून सरिता निघाली, तेव्हा बॅग रिक्षात ठेवायच्या निमित्तानं मेघानं ती बाहेरून चाचपूनही पाहिली होती. हाताला काही लागलं नव्हतं. धुणंभांडी करणाऱ्या आशाबाईकडंही ती आताशा वेगळ्याच नजरेनं बघायची.

मुकुंदवाडी स्टेशनातून गाडी गेली. तिचा आवाज विरला, तसं गच्चीवर कुणीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. मेघा दबक्या पावलांनी जिना चढली.

पाण्याच्या टाकीमागं तिच्या दोन्ही पोरी बसल्या होत्या. नऊ वर्षांची श्रेया घसा जड करून फोनवर बोलत होती, "साळे, गोळी घेतलीस का गं? जेवलीस का?"

मेघा तरातरा पुढं झाली. साळूबाई म्हणजे भामाबाईंची धाकटी बहीण. अजिंठ्याला अंथरुणाला खिळलेली. तिचं काळीज कमजोर, म्हणून मेघाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं घरात सगळ्यांना बजावलं होतं, मावशीला एवढ्यात काही कळू द्यायचं नाही.

"काय चालवलंय हे? गेलेल्या माणसाची थट्टा करता?"

श्रेयानं फोन छातीशी दाबून धरला. "थट्टा नाय, आई. आजी रोज चारला फोन करायची. फोन आला नाय तर साळूआजीला कळंल. मग तीपण मरंल."

"ताई बोलते," सहा वर्षांची संस्कृती हळूच म्हणाली. "मी आजीसारखं खोकते."

मेघानं फोन काढून घेतला, कानाला लावला.

"कोण, मेघा का?" पलीकडून साळूबाई म्हणाली. "पोरींवर ओरडू नको. मला पहिल्याच दिवशी कळलं. आक्का मला जन्मात कधी 'जेवलीस का' म्हणली नाय. 'हाईस का गेलीस' म्हणायची."

"मावशी..."

"लई रडले मी. पण चार वाजले की फोन वाजतो. किती जपायल्यात गं मला पोरी. जपू दे. त्यांना काय सांगू नको."

मेघानं कठड्याकडं तोंड केलं. डोळे पुसले. मग वळून तिनं फोन श्रेयाच्या हातात दिला.

"बोल. साळूआजी थांबलीय."

दोघी पोरींनी दोन बाजूंनी फोनला कान लावले. साळूबाईचा खणखणीत आवाज मेघापर्यंत ऐकू आला.

"अगं आक्का, बोलता बोलता मधीच कुठं गेली होतीस?"