सोबतच्यांनी बाहेर थांबा

“हात सोडू नकोस हं,” थोरली म्हणाली आणि दोघी बहिणींनी रस्ता ओलांडला.

थोरलीचा डावा पाय लहानपणापासून आखूड. प्रत्येक पावलाला ती एका अंगावर कलायची. धाकटी मात्र ताठ चालणारी, कागदांची पिशवी तिच्याच खांद्याला. एक सायकलवाला त्यांच्यासाठी थांबला, थोरलीच्या पायाकडे बघून हळहळला आणि धाकटीला म्हणाला, “सांभाळून न्या हो त्यांना.”

“नेते की,” धाकटी हसून म्हणाली.

अपंगांच्या भत्त्यासाठी ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही अर्जांवर एकच शेरा पडला होता: नामंजूर, स्वतःची कामे स्वतः करू शकते.

यात चूक कुणाची म्हणाल, तर त्यांच्या आईची. परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, पाठ ताठ ठेवायची, विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचं, हे तिने दोन्ही पोरींच्या अंगात अगदी भिनवलं होतं. त्यामुळे डॉक्टरसमोर बसलं की दर वेळी तीच गत. स्वयंपाक जमतो? जमतो की. अंघोळ, कपडे? हो, त्यात काय! मग अडचण काय आहे? कुठे काय, सगळं छान आहे. आणि वर गोड हसू. डॉक्टरलाही हायसं वाटायचं, तेवढाच एक अर्ज कमी.

इकडे रात्रंदिवस जीव टांगणीला, आणि तिकडे म्हणे सगळं छान आहे! थोरलीला ते आठवलं की संताप यायचा. मग त्या संतापाचीच लाज वाटायची.

या वेळी मात्र नामंजूर होऊन चालणार नव्हतं. थोरली ज्या दुकानात शिवणकाम करायची, त्याचा मालक भला माणूस, पण तोही आता कंटाळला होता. “अर्ध्या दिवसाचं काम पुरे झालं, बाई. सोमवारपासून पूर्ण दिवस या, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.” पूर्ण दिवस घराबाहेर काढणं थोरलीच्या हातात राहिलं नव्हतं. धाकटीचं काम तर केव्हाच सुटलेलं. भत्ता मिळाला असता तर मदतीला एक बाई ठेवता आली असती आणि थोरलीची नोकरी टिकली असती. नाहीतर दोघींनी भिंतीकडे बघत बसायचं.

जिना चढून वर येईतो थोरलीला धाप लागली. दोघी बाकावर टेकल्या.

“आईला सांगितलंस ना, उशीर होईल म्हणून?” धाकटीने विचारलं.

“सांगितलं गं बाई. किती वेळा विचारशील?”

“नाहीतर जेवायची थांबून राहील ती.”

थोरलीने तिच्या खांद्यावरची पिशवी सारखी केली. समोर बसलेली म्हातारी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. “जुळ्या का गं तुम्ही?”

“नाही हो आजी, मी मोठी. बसलेलो असलो की सगळेच फसतात,” थोरली म्हणाली. “मी उठून चालायला लागले की कळतं.”

म्हातारी मनापासून हसली. धाकटीही हसली.

त्यांचा नंबर पुकारला गेला. थोरली धाकटीचं मनगट धरून लंगडत आत शिरली. डॉक्टर नवीन होता, पण सकाळपासून माणसं तपासून तपासून त्याचाही चेहरा उतरला होता.

“सोबतच्यांनी बाहेर थांबा,” तो म्हणाला आणि पेनाने धाकटीला दार दाखवलं.

थोरलीने तोंड उघडलं. याच वाक्यावरून ती आधी तीनदा भांडली होती आणि तिन्ही वेळा हरली होती. आज भांडायचं त्राणच नव्हतं. तिने तोंड मिटलं.

“जा, बाकावर बस. आजींशी गप्पा मार,” तिने धाकटीला सांगितलं आणि पटकन खुर्चीत बसली.

डॉक्टरने अर्जावरचा फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला. “आपल्या जिल्ह्याचा आकडा सगळ्यांत वर गेलाय,” तो कुरकुरला. “इतके लोक अपंग कसे, म्हणून वरून रोज विचारणा. जसे काही मीच पाय मोडून ठेवतोय लोकांचे! चालून दाखवा बरं.”

ती चालली. आज तिने पाठ ताठ ठेवली नाही.

“झोप लागते?”

“कुठली! सारखं उठावं लागतं.”

“बाहेर एकटीने जाता येतं?”

“आता नाही येत.”

“घरी कोण कोण असतं?”

“आम्ही दोघी बहिणीच.”

“म्हणजे बहिणीचा आधार आहे तर.”

“आहे ना,” ती म्हणाली. “खूप आहे.”

“इतकं धडधडीत दिसतंय आणि तीनदा नामंजूर? कमाल आहे लोकांची!” डॉक्टरने सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. “पुढचे कोण?”

बाहेर धाकटी बाकावर पाठ ताठ करून बसली होती. थोरली तिच्या शेजारी बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. तिने कागद धाकटीच्या मांडीवर पसरला आणि नावाखाली बोट ठेवलं.

“मिळाला गं भत्ता. वाच, कुणाचं नाव आहे बघ.”

धाकटीने एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. मग थोरलीकडे बघून गोड हसली.

“छान आहे हो नाव,” ती म्हणाली. “तुमचं का?”