धुऱ्यावरचे मोह

परसरामला पटवारी शेताकडे येताना दिसला. मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदाराची सत्ता, गेली, एवढ्या ऐकीव गोष्टीच्या भरवशावर त्यानं धानाच्या बांधीभोवतीच्या उंच बांधावर, धुऱ्यावर, मोहाची सात रोपं लावली होती. बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून काट्यांचं कुंपण करून दोन पावसाळे जपली होती. पण ऐकीव ते ऐकीवच. मोह मालगुजाराचा, कुळानं लावला तरी मालगुजाराचाच. परसरामच्या बापानं एकदा मोह आपला म्हटला, तर मालगुजारानं अख्ख्या गावासमोर त्याला झोडपलं होतं. पटवारी अजून चार बांध्या लांब होता. परसरामनं काट्या ओढून फेकल्या आणि पलीकडे चरणाऱ्या आपल्या बकऱ्या रोपांवर सोडल्या.

“धुऱ्यावर मोह तूच लावले ना बा?” पटवाऱ्यानं आल्या आल्या विचारलं.

“नाही जी! मी कायले लावीन? आपसूक उगवले होते. बकऱ्याईनं खाल्ले.”

पटवाऱ्यानं कपाळावर हात मारला. “अरे, मालगुजारी बुडाली. आता ज्याच्या धुऱ्यावर, त्याचं झाड. तुह्या नावानं लिवाले आलो होतो मी.”

परसरामनं वळून पाहिलं. सातव्या रोपाचा शेंडा अजून बकरीच्या तोंडातून लोंबत होता.