न रडणारं बाळ

मुलांनो, कल्पना करा, दंडावर एक पट्टी चिकटवली की भूकच लागत नाही. रुमलीच्या पाड्यावर ती घरोघर वाटली गेली आणि अंगणवाडीतली चूल थंड पडली.

"बाळ किती गुणी झालंय, रडतच नाही," आई कौतुकानं म्हणाली. पाड्यावरच्या बाया बाळ रडलं तरच त्याला पाजायला घेत.

रुमलीनं आपल्या या तान्ह्या भावाची पोटरी चाचपली. ती तिच्या मनगटाहून बारीक झाली होती. तिनं त्याची पट्टी ओढून काढली. बाळानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"अगं ए, भूक लागेल ना त्याला! लाव परत!" आई ओरडली.

रुमलीनं स्वतःचीही पट्टी उपटली आणि बाळाच्या वाटचं रडायला लागली.