राद्काचा फ्रीजर

"मी सही करणार नाही," राद्का म्हणाली आणि तिनं रिपोर्ट डॉक्टर मोमचिलच्या हातात परत दिला.

बल्गेरियातल्या रूसे शहराच्या इस्पितळात ती एकतीस वर्षं लॅब सांभाळत होती. तिनं सही अडवली की मोठमोठ्यांचं घोडं अडायचं. रिपोर्ट होता सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या एका बाईचा. तिच्या रक्तातला मार्कर, म्हणजे कॅन्सर परतल्याची चाहूल देणारा आकडा, दर खेपेला चोवीसच्या आसपास यायचा. आज तो एक्केचाळीस आला होता आणि मोमचिल सोमवारी केमो सुरू करायच्या बेतात होता.

"काकू, आकडा एवढा चढलाय. आता कशाची वाट बघायची?"

"स्कॅनमध्ये काय दिसलं?"

"काही नाही. पण दिसेपर्यंत थांबलो तर उशीर होईल."

"गेल्या महिन्यात आपण यंत्र बदललं, डॉक्टर. माणूस तोच, माप नवं. दोन मापांचे आकडे शेजारी मांडून केमो देणार का?"

"आणि रोग खरंच परत आला असेल तर?"

राद्का उठून फ्रीजरकडे गेली.

हा फ्रीजर म्हणजे मजल्यावरच्या थट्टेचा विषय. तपासणीनंतर उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, सगळीकडे फेकून देतात. राद्का ते तारीख घालून गोठवून ठेवायची. लोक हिवाळ्यासाठी मिरच्यांच्या बरण्या भरतात, काकू रक्ताच्या भरतात, असं लॅबमधल्या पोरी म्हणायच्या. तो रिकामा करा म्हणून वरून दोनदा सांगणं आलं होतं. दोन्ही वेळा तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिनं त्याच बाईची गेल्या वर्षीची नळी काढली आणि जुनं-नवं दोन्ही सीरम एकाच वेळी नव्या यंत्रात घातलं. वीस मिनिटांनी आकडे आले. आजचं सीरम पुन्हा एक्केचाळीसच.

आणि गेल्या वर्षी जुन्या यंत्रावर चोवीस आलेलं सीरम आज चाळीस आलं.

"म्हणजे गेल्या वर्षीच..." मोमचिल गडबडला.

"गेल्या वर्षी जशी होती तशीच आहे ती. आपलं माप बदललंय. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त घ्या, याच यंत्रावर." तिनं जुन्या सीरमचा चाळीसचा आकडा रिपोर्टवर एक्केचाळीसच्या शेजारी लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. तिला अभिमान वाटत होता आणि तो लपवायचं तिला काही कारण दिसेना.

मोमचिलनं त्या बाईला फोन लावला, आणि घंटी वाजत असतानाच राद्काच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, काकू. हक्क तुमचा आहे."

एकतीस वर्षांत राद्का एकाही पेशंटशी बोलली नव्हती. तिनं कोटाला हात पुसले.

"मी लॅबमधून राद्का बोलतेय. तुमचा आकडा वाढलेला नाही. सोमवारी केमोला यायचं नाही."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग ती बाई म्हणाली, "तुम्ही कोण? आपण कधी भेटलोय का?"

"नाही, बाई," राद्का म्हणाली, "पण सहा वर्षं मी तुम्हाला जपून ठेवलंय."