पहिल्या घटस्फोटाची नक्कल

आई रविवारी दुसरं लग्न करणार होती, तेही बाबांशीच. पहिलं का मोडलं, हे दोघांनाही धड आठवत नव्हतं. बाबांचा संशय घोरण्यावर होता, आईचा सासूबाईंवर. "कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही," असं आईनं बजावल्यामुळे लेक कोर्टाच्या नक्कल विभागात आली. "केस नंबर?" कारकुनानं विचारलं. "नाही. नावं आणि साल आहे." "तुम्ही त्यांच्या कोण?" "मुलगी. हे आईचं अधिकारपत्र." त्यानं रजिस्टर चाळून नंबर काढला, अर्जावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवून घेतलं आणि फाईल आणून दिली. तिनं अधाशासारखी पानं उलटली. घटस्फोटाचं कारण एकाच ओळीत होतं: स्वभाव जुळत नाहीत. "एवढंच?" "सगळ्यांचं हेच असतं, ताई. टायपिस्ट नावं तेवढी बदलतो." "मग खरं कारण कुठे मिळेल?" फाईल बांधत तो म्हणाला, "लग्न होऊ द्या. महिन्याभरात दोघांनाही आठवेल."