पेट्रोलचं पाकीट

"ज्याने त्याने आपल्याच पाकिटातलं काढायचं, दुसऱ्याच्या पाकिटाकडे बोट दाखवायचं नाही," मुक्ताने घरातला नियम ऐकवला. जेवणाच्या टेबलावर महिन्याच्या खर्चाची पाकिटं मांडली होती. या वेळी पगार कमी आला, एवढंच नवरा म्हणाला होता. किराण्याचं पाकीट निम्मंच भरलं होतं.

सासऱ्यांनी कुरकुरत वर्तमानपत्राचे पैसे किराण्यात टाकले. लेकीने, जुईने, तोंड फुगवून नाचाच्या क्लासचे दिले. मुक्ताने साडीचे काढले. नवरा मात्र मान खाली घालून बसून होता. मुक्ताचं डोकं फिरलं. "पोरगी मन मारतेय आणि तुम्ही ढिम्म!"

त्याने पेट्रोलचं पाकीट उचललं आणि अख्खं किराण्यात रिकामं केलं.

"बाबा, मग ऑफिसला कसे जाणार?" जुई हसली.

त्याने रिकामं पाकीट दुमडून बाजूला ठेवलं. जुईचं हसू मावळलं.

"नोकरी कधी गेली?" मुक्ताने विचारलं.

"पंधरा तारखेला."

"आणि मी रोज भरून देते तो डबा?"

"बागेत बसून खातो."

मुक्ताने पाकिटं गोळा केली.

"उद्यापासून घरीच जेवा," ती म्हणाली. "पोळी गरम तरी मिळेल."